कॅलेंडरवरच्या पाळण्याशेजारची बाई हसत का नाही?

दुपटं_वाळत_घातलंय

नमस्कार मंडळी. चित्रकलेतलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करते. इंटरमिजिएटला सी ग्रेड होती, तीसुद्धा बाईंची कृपा.

मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. रात्री दोन ते चार आमचा जागर असतो. पलंगासमोर औषधाच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर लावलंय, दर महिन्याला एक 'आई आणि बाळ' चित्र. या महिन्याचं चित्र गेले वीस दिवस रात्री झिरोच्या दिव्यात बघतेय, आता ते पाठ झालंय.

एक बाई पाळण्याशेजारी बसलीय. अंगात गडद रंगाचा झगा, गळ्यात काळी फीत. एक हात गालाला टेकवलाय. पाळण्यावर पांढरी जाळी, आमच्या मच्छरदाणीसारखीच, फक्त कडेला गुलाबी पट्टी. जाळीआड बाळ झोपलंय. बस, एवढंच. खाली दुकानवाल्याने सोनेरी अक्षरांत 'आईची माया' असं छापलंय, चित्रकाराचं नाव नाही.

माझी अडचण अशी की ही बाई हसत नाही. सासूबाई म्हणतात, "बघ, किती मायेने बघतेय." नवरा म्हणतो, "तिला झोप आलीय." मला ती तिसरंच काही वाटते. बाळाकडे बघतेय खरी, पण दूध गॅसवर ठेवून आलेय की काय, असा काहीतरी विचार मागे चाललाय. नाहीतर आपण कुठे होतो आणि इथे कशा येऊन बसलो, असा. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुझंच तू तिच्या तोंडावर बघतेस." असेलही.

तर विचारायचं हे: चित्र कुणाचं? काढणारा पुरुष होता की बाई? (मी नवऱ्याशी आइस्क्रीमची पैज लावलीय.) आणि आईची अशी गुपचूप, घरातली चित्रं आणखी आहेत का? मेरी-येशू नकोत, देव्हाऱ्यातल्यासारखी नकोत. साधी, भांडी-कपडे असलेल्या घरातली हवीत.

एका हाताने टाइप केलंय, चुका पोटात घाला.

खडू_आणि_डस्टर

ताई, आइस्क्रीम वसूल करा. चित्र बाईचंच आहे. बेर्त मोरिझो, फ्रेंच. चित्राचं नाव 'पाळणा', साल १८७२. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. आर्ट रूमच्या दारामागे हेच चित्र चिकटवलेलं होतं, मासिकातून कापून. तेव्हा सवयीप्रमाणे थोडा वर्ग घेतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

पट्टी घ्या. कॅलेंडरवर आईच्या डोळ्यापासून बाळाच्या मिटलेल्या डोळ्यापर्यंत ठेवा. तिरकी रेघ मिळेल. आता आईचा डावा हात बघा, कोपरात दुमडून चेहऱ्याशी गेलेला. मग बाळाचा हात बघा. तोही दुमडलेला, डोक्याशी. आईची नक्कल बाळ झोपेत करतंय. पोरांना मी हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून दाराशी यायची.

आता तिचा दुसरा हात. तो पाळण्याच्या कडेवर आहे आणि जाळीची कड त्याच हातात आहे. ती जाळी आपल्या आणि बाळाच्या मध्ये येते. आई आपल्याला स्वच्छ दिसते, बाळ मात्र धुक्यातून दिसतं. पाहुणे आले की आपल्याकडे बाळंतीण पदर ओढते ना, तसं.

आणि पांढरा! पोरं पांढरा म्हणजे कागद कोरा सोडायची. या जाळीत पांढरा शोधायला जा, सापडतात निळा, राखाडी, गुलाबी. चेहरा जपून काढलाय, जाळीवर मात्र कुंचला मोकळा सोडलाय.

चेहऱ्याबद्दल सांगायचं तर मी सासूबाईंच्या बाजूने आहे. चित्रकर्ती स्वतः आई, स्वतःच्या लेकीला न्याहाळतेय, त्यात गॅसवरचं दूध कुठून आणायचं? चेहऱ्यावर आपला अर्थ लादू नये.

पासीकर

सरांचं वाचून पट्टी घेऊन बसले. बारा वर्षं हे चित्र बघतेय, बाळाचा हात कधी लक्षात आला नव्हता. धन्यवाद.

पण सर, एक दुरुस्ती करते, रागावू नका. बेर्तचं १८७२ मध्ये लग्नच झालेलं नव्हतं. एकतीस वर्षांची होती. तिची मुलगी ज्युली जन्मली १८७८ मध्ये. चित्रातली बाई म्हणजे तिची थोरली बहीण एदमा, आणि पाळण्यात एदमाची मुलगी ब्लांश. हे मावशीने काढलेलं चित्र आहे.

मी पॅरिसमध्ये राहते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओर्सेला तिकीट नसतं, त्यामुळे आपल्याकडून कुणी आलं की रविवार बघून तिथेच नेते. लोक मोठ्या चित्रांपुढे फोटो काढतात आणि याच्यासमोरून निघून जातात, कारण ते आहेच एवढंसं. ५६ सेंटिमीटर उंच, ४६ रुंद. तुमच्या कॅलेंडरहून थोडंच मोठं असेल.

आता एदमाचं सांगते, कारण दुपटंताई, तुमचा प्रश्न तिच्याच चेहऱ्याचा आहे. बेर्त आणि एदमा दोघी बरोबरीने चित्रकला शिकल्या. तेव्हा मुलींना सरकारी कलाशाळेत प्रवेश नव्हता, तो मिळाला १८९७ मध्ये. म्हणून घरी शिक्षक. गिशार नावाच्या शिक्षकांनी त्यांच्या आईला बजावलं होतं की तुमच्या मुलींचा हात बघता त्या हौशी राहणार नाहीत, खऱ्या चित्रकार होतील, आणि तुमच्यासारख्या घरात तो अनर्थ ठरेल. आई घाबरली नाही. वडिलांनी बागेत स्टुडिओ बांधून दिला. पुढे दोघी कोरो या चित्रकाराकडे निसर्गचित्रं शिकल्या, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला केल्या, १८६४ च्या सरकारी प्रदर्शनात दोघींची चित्रं लागली. एदमाने काढलेलं बेर्तचं चित्र आहे, हातात कुंचला घेऊन उभी असलेली. ते बघितलं की कळतं, एदमा कच्ची नव्हती.

१८६९ मध्ये एदमाचं लग्न झालं. नवरा नौदलात अधिकारी, पोंतियों. ती लोरियाँ बंदरात राहायला गेली आणि तिचं रंगवणं सुटलं. त्याच वर्षी मार्चमध्ये तिने बेर्तला लिहिलं की मनाने मी तुझ्या स्टुडिओत तुझ्या मागे मागे फिरत असते, पंधरा मिनिटांसाठी का होईना, निसटून यावं आणि आपण इतकी वर्षं जिथे राहिलो त्या हवेत श्वास घ्यावा असं वाटतं.

पंधरा मिनिटं. महिनाभर नाही, माहेरपणालाही नाही.

पाळण्याचं चित्र तीन वर्षांनंतरचं. तोवर एदमाला दोन मुली झाल्या होत्या. पाळण्याकडे जी बघतेय ती कधीकाळी रंगवायची, आणि जी रंगवतेय तिला तेव्हा मूल नाही. दोघी एका खोलीत आहेत. तुम्हाला जे 'तिसरंच काही' दिसलं, ते या पत्राबरोबर मला दर वेळी दिसतं. तरी 'एदमा दुःखी होती' असं मी म्हणणार नाही. झोपलेल्या बाळाकडे बघताना चेहरा आपोआप सैल पडतो. माझे तसे फोटो नवऱ्याने काढलेत, मी त्यांत चक्क घरच्या कर्जाचा हिशेब करतेय असं वाटतं.

चित्र १८७४ मध्ये प्रदर्शनात लागलं. नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत भरलेलं तेच ते, ज्यातून या चित्रकारांना 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं. मोने, देगा, रेन्वार सगळे होते. हे चित्र विकलं गेलं नाही. घरातच राहिलं, आणि १९३० मध्ये लूव्रने विकत घेतलं. तोवर बेर्त जाऊन ३५ वर्षं झाली होती.

जाता जाता एक किस्सा. एदमा पहिल्यांदा गरोदर असताना बेर्तने आई आणि एदमा अशा दोघींचं चित्र काढलं. आई काळ्या कपड्यांत पुस्तक वाचतेय, एदमा पांढऱ्यात. प्रदर्शनाला पाठवायच्या दिवशीच एदुआर माने घरी आला (हो, तोच प्रसिद्ध चित्रकार, पुढे बेर्तने त्याच्या भावाशी लग्न केलं). "छान आहे, फक्त झग्याची खालची कड तेवढी..." म्हणत त्याने कुंचला घेतला. कडेवरून झग्यावर, झग्यावरून चेहऱ्यावर. आईचं अर्धं चित्र त्यानेच पुन्हा रंगवलं. गाडीवाला दारात. बेर्तला काही बोलता आलं नाही, चित्र नाकारलं जावं अशी इच्छा करत बसली. आईला मात्र हसू आवरेना. चित्र स्वीकारलं गेलं, आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. 'जरा मीठ बघतो' म्हणून आमटी बिघडवणारे पाहुणे सगळीकडे असतात.

तिरपा_डोळा

सगळं गोड आहे. पण या बायका मोठ्या घरच्या. लंगोट कोण धूत होतं? बाळाला पाजत कोण होतं? बाई पाळण्याशेजारी हात गालाला लावून बसू शकते, कारण आतल्या खोलीत मोलकरीण आहे. 'घरगुती शांतता' पगार देऊन विकत घेतलेली आहे. तिचं चित्र दाखवा, मग बोलू.

पासीकर

तिरपा_डोळा, तुम्ही टोमणा मारलात, पण ते चित्र आहे.

ज्युली झाल्यावर बेर्तने अंगावर पाजणारी दाई ठेवली, आंजेल नावाची. साधारण १८८० मध्ये बेर्तने आंजेल ज्युलीला बागेत पाजतेय असं चित्र काढलं. इतकं मोकळं रंगवलंय की चेहरे जवळजवळ नाहीतच. पांढरे कपडे, हिरवं गवत आणि मध्ये बाळाचा गोळा. 'आई बाळाला पाजते' अशी चित्रं हजारो आहेत. इथे पाजणारी पगारी, बाळ चित्रकर्तीचं, आणि आई समोर कुंचला घेऊन आपलं काम करतेय. दोन कामकरी बायका आणि एक बाळ. हे चित्र खासगी मालकीचं आहे, कॅलेंडरवर सहसा येत नाही. आलंच तर खाली सोनेरी अक्षरांत काय छापतील?

दाईची चाल जुनी. १७८० मध्ये पॅरिसचा पोलीसप्रमुख लन्वार याने अंदाज लिहून ठेवलाय: शहरात वर्षाला २१,००० मुलं जन्मतात, त्यांतली आईच्या अंगावर पिणारी जेमतेम १,०००. बहुतेक सगळी खेड्यांतल्या दायांकडे धाडली जात. त्यात श्रीमंतच होते असं नाही. दुकानात, कारखान्यात राबणाऱ्या बायकांनाही मूल जवळ ठेवणं परवडत नसे.

दुपटं_वाळत_घातलंय

बापरे. मी सहज विचारलं होतं. तीन रात्री पुरवून पुरवून वाचलं.

सर, पट्टी ठेवून बघितली. नवऱ्यालाही दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे ती झोपलेली नाही, हे मान्य." आइस्क्रीम आलं, केशर पिस्ता.

एदमाचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. मला वाटलं म्हणतील, आम्ही नाही का केलं सगळं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र आल्या, बाळाला उचललं आणि म्हणाल्या, "जा, पंधरा मिनिटं काय करायचं ते कर." मला काही सुचेना. गच्चीवर जाऊन वाळलेली दुपटी घेऊन आले. मग त्याच ओरडल्या, की याच्यासाठी पाठवलं होतं का तुला?

दाईचं चित्र फोनवर शोधून त्यांना दाखवलं. बराच वेळ धरून बसल्या. मग विचारलं, "हिला दूध येतंय म्हणजे हिचंही तान्हं असणार. ते कुठाय?"

मला उत्तर देता आलं नाही. ताई, तुम्ही सांगा.

पासीकर

तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. बारा वर्षांत एवढ्या जणांना ही चित्रं दाखवली, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

अशा दायांची मुलं बहुधा गावी असायची. आजीकडे, नाहीतर आणखी कमी पैशांत दुसऱ्या दाईकडे. कित्येक जगत नसत. म्हणून फ्रान्समध्ये कायदा झाला, रुसेल नावाच्या डॉक्टर-खासदाराच्या नावाने ओळखतात. तारीख २३ डिसेंबर १८७४. (बेर्तचं लग्न झालं २२ डिसेंबर १८७४ ला. आदल्याच दिवशी! मी दोनदा तपासलं.) त्यात एक अट अशी की जिला दुसऱ्याच्या घरी राहून पाजायची नोकरी करायची आहे, तिने दाखला आणायचा: स्वतःचं शेवटचं मूल सात महिन्यांचं पूर्ण झालंय, किंवा झालं नसेल तर त्याला दुसरी बाई पाजते आहे.

तर सासूबाईंना सांगा, कायद्यालाही तोच प्रश्न पडला होता. अमलात कितपत आला, तो वेगळा धागा होईल.

तिरपा_डोळा

ठीक. टोमणा मागे घेतो. अर्धा.

खडू_आणि_डस्टर

पासीकर, रागावेन कशाला? माझ्या हातून गेलेल्या एकतीस बॅचना मी 'चित्रकर्तीची स्वतःची मुलगी' असं सांगितलं, आता त्यांना कुठे शोधू? एक विद्यार्थिनी स्वतः चित्रकला शिक्षिका झालीय, तिला तेवढा फोन केला. ती म्हणाली, "सर, मला माहीत होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

ताईंचा तिसरा प्रश्न राहिलाच आहे, आणखी चित्रं कोणती. खूप आहेत, मी दोन-तीनच सांगतो, पण ती नीट बघा.

आधी शार्दँ, फ्रेंच चित्रकार. 'भोजनापूर्वीची प्रार्थना', १७४०, लूव्र. मध्यमवर्गीय घर, आई टेबलावर वाढतेय, दोन मुलं. धाकट्याने हात जोडलेत, आई वाकून वाट बघतेय, म्हटल्याशिवाय जेवण नाही. आपल्याकडचं 'वदनि कवळ घेता' आणि वाढणाऱ्या आईची घाई, सगळं तेच. धाकटं पोर झग्यात आहे, पण खुर्चीला ढोलकं अडकवलंय. ते मुलाचं खेळणं. त्या काळी लहान मुलग्यांनाही झगेच घालत. हे चित्र शार्दँने फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याला भेट दिलं. राजवाड्यात सोनेरी महिरपी, आणि त्यात हे वरण-भाताचं चित्र! जोडीला दुसरं दिलं, 'कष्टाळू आई'. त्यात आई मुलीला तिच्या भरतकामातली चूक दाखवतेय. मुलीने मान खाली घातलीय. ती मान बघा, आवाज ऐकू येतो.

दुसरं मिलेचं, 'घास', १८६०, लील शहराच्या संग्रहालयात. खेड्यातलं घर, उंबऱ्यावर तीन पोरं ओळीने, आई लाकडी चमच्याने भरवतेय, मधल्याने चोच उघडलीय. मागे बाप बागेत खणतोय. तिरपा_डोळा, हे तुमच्यासाठी. इथे मोलकरीण नाही.

तिसरं मेरी कसॅटचं. ती अमेरिकन, पण आयुष्य पॅरिसकडे गेलं, म्हणून घेतो. लग्न केलं नाही, मूल नाही, आणि आई-बाळांची चित्रं तिच्याइतकी क्वचितच कुणी काढली असतील. १८९० मध्ये पॅरिसला लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, ते बघून ती वेडी झाली. बेर्तला पत्र लिहून 'चुकवू नकोस' म्हणून सांगितलं. त्यानंतरचं, १८९३ चं, 'बाळाची अंघोळ', शिकागोत आहे. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली बाई, मांडीवर पोरगी, दोघींची नजर खाली तसराळ्यातल्या पावलांकडे. आपण वरून बघतोय, जणू स्टुलावर उभे आहोत. पोरीचा एक हात बाईच्या गुडघ्यावर घट्ट टेकलाय, पडायची भीती. त्या हाताकडे बघून मला आमच्या घरची न्हाणी आठवते, आजी पायांवर पालथं घालून पोरं न्हाऊ घालायची, आणि पोर असंच तिच्या पायाला धरायचं.

या चित्रातही कुणी हसत नाही, ताई. पाणी फार गरम तर नाही ना, एवढंच बघताहेत. सासूबाईंच्या बाजूचं माझं मत मी राखून ठेवतो, पण गॅसवरच्या दुधाला आता जागा करून दिलीय.

दुपटं_वाळत_घातलंय

सर, अंघोळीचं चित्र सासूबाईंना दाखवलं. त्यांचं मत: बाळाला असं धरतात का, तेल कुठाय, आणि पाणी फारच कमी घेतलंय.

कॅलेंडरचं पान परवा उलटायचं आहे. पुढच्या महिन्याचं डोकावून बघितलं, फुलांच्या बागेतली गुलाबी आई आहे, दात दाखवून हसतेय. आम्ही या महिन्यावरच राहायचं ठरवलंय. तारखांसाठी स्वयंपाकघरातलं दुसरं कॅलेंडर आहे.

उठली. बाकीचं उद्या.